आले, राहिले, गेले

कांहीं महिन्यांपूर्वीं एका व्याख्यानमालेंत स्पेन देशाच्या दक्षिण भागावर, म्हणजे अँडालूशिया प्रांतावर, एक सचित्र व्याख्यान ऐकण्याचा योग आला. वक्ते बहुश्रुत होते. तो प्रदेश त्यांनीं स्वतः पाहिलेला होता. पडद्यावर दाखविलेलीं चित्रेंही उत्तम होतीं. ग्रॅनाडा येथील अल्हाम्ब्रा राजवाड्यांतला सिंहांचा चौक दिसतांच सभागृहांतून सहजच 'वाहवा' उमटली. शेवटीं मागल्या रांगेंतून एका मुलीनें उठून विचारलें, "हें सगळें बांधणारे लोक आतां कोठें आहेत?" वक्ते हंसले आणि म्हणाले, "मूर आले, आठशें वर्षें राहिले आणि गेले." टाळ्या पडल्या, आभार मानले गेले, सभा संपली.

इतिहास शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला असलें वाक्य ऐकून स्वस्थ बसवत नाहीं. तीन क्रियापदांत आठ शतकें बसविण्याची हातोटी वाखाणण्यासारखी असेल. परंतु त्या तीन क्रियापदांपैकीं एकही खरें नाहीं. दोष वक्त्यांचा म्हणावा तर तसेंही नाहीं. हें वाक्य त्यांनीं रचलेलें नसून युरोपांतील शेंकडों प्रवासपुस्तकांतून तें घासून गुळगुळीत झालेलें आहे, आणि आमच्या पाठ्यपुस्तकांतूनही तें जसेंच्या तसें उतरलें आहे. म्हणूनच मी वक्त्यांचें नांव घेत नाहीं. माझें भांडण व्यक्तीशीं नसून वाक्याशीं आहे. त्या मुलीला त्या दिवशीं उत्तर मिळालें नाहीं, तें देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम 'आले' हें क्रियापद घेऊं. इ. स. ७११ मध्यें तारिक इब्न झियाद हा सेनापति उत्तर आफ्रिकेंतून समुद्र ओलांडून आला. ज्या खडकापाशीं तो उतरला त्यास 'जबल् तारिक', म्हणजे तारिकचा डोंगर, असें नांव पडलें. जिब्राल्टर हा त्याचाच अपभ्रंश. त्याच्या फौजेंत बहुतेक लोक बर्बर जमातीचे, अरब थोडे. व्हिसिगॉथ राजा रॉडरिक याचा पाडाव झाला आणि थोड्याच वर्षांत जवळजवळ सारें द्वीपकल्प नव्या सत्तेखालीं गेलें. एवढें खरें. पण फौज येणें आणि लोक येणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आलेली माणसें देशांतील मूळ रहिवाशांच्या मानानें मूठभर होतीं. पुढल्या दोनतीन शतकांत जे मुसलमान झाले, अरबी बोलूं लागले, अरबी नांवें धारण करूं लागले, ते बहुतांशीं त्याच मातीचे शेतकरी, कारागीर आणि सरदार होते. त्यांचे आजे-पणजे लॅटिन बोलीत भांडत आणि चर्चमध्यें लग्न लावीत.

याला पुरावा हवा असेल तर एक नांवच पुरे आहे. मुसलमानांनीं स्पेन कसा जिंकला याची हकीकत लिहिणारा एक मोठा अरबी इतिहासकार कॉर्डोव्हा येथें इ. स. ९७७ मध्यें वारला. त्याचें नांव इब्न अल्-कूतिय्या. या नांवाचा अर्थ काय? 'गॉथ स्त्रीचा पुत्र'. जो वंश जिंकला गेला त्यांतील विटिझा राजाच्या नातीचा हा वंशज. आणि जिंकणारांचा इतिहास लिहितांना त्याला आपलें हें आजोळ लपवावेंसें वाटलें नाहीं! दुसरें उदाहरण खुद्द तिसऱ्या अब्द अर्-रहमानाचें. इ. स. ९२९ मध्यें त्यानें कॉर्डोव्ह्यास खलीफा ही पदवी घेतली. वंश उमय्या, म्हणजे थेट दमास्कसचा. परंतु त्याची आई ख्रिस्ती दासी होती आणि आजी उत्तरेकडील पाम्प्लोना येथील ख्रिस्ती राजकन्या. त्याचे डोळे निळे होते, केस तांबूस होते आणि तो ते काळे करीत असे, असें जुने लेखक सांगतात. अरबांचा खलीफा आरशासमोर बसून अरब दिसण्याची खटपट करीत आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणा आणि मग 'मूर आले' हें वाक्य पुन्हा उच्चारून पाहा.

जें माणसांचें तेंच दगडांचें. कॉर्डोव्ह्याच्या मोठ्या मशिदीस इ. स. ७८५ च्या सुमारास आरंभ झाला. तीत आज ८५६ खांब उभे आहेत. त्यांतील जुन्या भागाचे कितीएक खांब रोमन व व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेले आहेत. ते आंखूड पडले, म्हणून कारागिरांनीं एका कमानीवर दुसरी कमान चढविली. अडचणींतून निघालेली ही युक्तीच त्या वास्तूचें सर्वांत मोठें सौंदर्य ठरलें. ज्या घोड्याच्या नालासारख्या कमानीला आपण डोळे मिटून 'मूरिश' म्हणतों, ती कमान मुसलमान येण्यापूर्वींच स्पेनमधील व्हिसिगॉथ चर्चमध्यें आढळते. तात्पर्य, फौज आली, धर्म आला, भाषा आली. परंतु ज्याला जग 'मूर' म्हणतें तो मनुष्य कोठून आला नाहीं. तो तेथेंच घडला.

आतां 'राहिले' हें दुसरें क्रियापद. बिऱ्हाडकरू राहतो. ज्याचें घर असतें तो नुसता राहत नाहीं. तो विहीर खणतो, झाडें लावतो, भावाशीं भांडतो आणि त्याच अंगणांत मरतो. सिएरा नेव्हाडा या बर्फाच्या पर्वताच्या दक्षिण उतारावर अल्पुहार्रा नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील शेतकरी शतकानुशतकें एक नामी पद्धत पाळीत आले. वसंत ऋतूंत बर्फ वितळूं लागलें म्हणजे तें पाणी पाटांनीं आडवें वळवून वरच्या मुरमाड उतारांवर सोडून द्यावयाचें. तें तेथें मुरतें आणि कित्येक आठवड्यांनीं, ऐन उन्हाळ्यांत, खालच्या गांवच्या झऱ्यांतून बाहेर येतें. धरण नाहीं, टाकी नाहीं. डोंगरालाच तळें बनविलें! ज्या पाटांतून हें पाणी जातें त्यास आजचा स्पॅनिश शेतकरी 'आसेकिया' म्हणतो, आणि तो शब्द अरबी 'अस्-साकिया' याचेंच रूप आहे. मध्यंतरीं पुष्कळ पाट बुजले होते. अलीकडे ग्रॅनाडा विद्यापीठांतील संशोधक आणि गांवकरी मिळून ते पुन्हा उपसूं लागले आहेत. हजार वर्षांनीं उपयोगीं पडेल अशी पाण्याची व्यवस्था पाहुण्यानें केल्याचें कोणीं ऐकलें आहे काय?

या घरांत आमचाही थोडा ठेवा आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. स्पॅनिश भाषेंतील साखरेचा शब्द आपल्या 'शर्करे'पासून, नारिंगाचा 'नारंगा'पासून, बुद्धिबळाचा 'चतुरंगा'पासून, अरबीच्या मार्गानें गेलेला आहे. त्यांचें 'बेरेंहेना' आणि आमचें वांगें हीं दूरचीं भावंडें आहेत. ग्रॅनाडाच्या किनाऱ्यावर उसाची लागवड हजारांहून अधिक वर्षें टिकली. तेथील शेवटचा साखर कारखाना २००६ मध्यें बंद पडला. ज्योतिषाची गोष्ट याहून मौजेची आहे. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेंतील सिद्धान्तज्योतिष आठव्या शतकांत बगदादेस गेलें व तेथें त्यास 'सिंदहिंद' म्हणूं लागले. त्याच्या आधारें अल्-ख्वारिझ्मीनें ग्रहांचीं कोष्टकें रचलीं, तीं उज्जयिनीच्या रेखेवर. दहाव्या शतकाच्या अखेरीस मस्लमा अल्-मजरीती या पंडितानें तीं कॉर्डोव्ह्याच्या रेखेस जुळवून घेतलीं, आणि तेथून बाराव्या शतकांत तीं लॅटिनमध्यें उतरलीं. उज्जयिनीहून निघालेला हिशेब युरोपास पोहोंचला तो कॉर्डोव्ह्याच्या वाटेनें. टोलेडोचा काझी साइद अल्-अंदलुसी यानें इ. स. १०६८ मध्यें जगांतील विद्याव्यासंगी राष्ट्रांचा जो इतिहास लिहिला, त्यांत पहिलें स्थान हिंदूंच्या देशास दिलें आहे. हा साइद जन्मानें अँडालूशियाचा. त्याचा जन्म आल्मेरियाचा.

येथें दुसऱ्या पक्षाचे लोक माझ्याकडे प्रेमानें पाहूं लागतील, म्हणून त्यांनाही वेळींच दुखविणें भाग आहे. मुसलमानी स्पेन म्हणजे तीन धर्मांचें नंदनवन, तेथें सर्व भाऊभाऊ होते, असें एक गोड चित्र अलीकडे फार प्रसृत झालें आहे. तें वक्त्यांच्या वाक्याइतकेंच खोटें आहे. इ. स. ८५० नंतरच्या दशकांत कॉर्डोव्ह्यांत इस्लामची उघड निंदा केल्यावरून सुमारें पन्नास ख्रिस्ती लोकांस देहान्त शिक्षा झाली. ९९७ मध्यें अल्-मन्सूरानें सांतियागोचें क्षेत्र लुटलें आणि तेथल्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवर लादून कॉर्डोव्ह्यास आणल्या. १०६६ मध्यें ग्रॅनाडांत यहुदी वजिराची हत्या होऊन त्याच्या जातभाईंची कत्तल झाली. बाराव्या शतकांत आफ्रिकेंतून आलेल्या अल्मोहाद राजवटीच्या छळामुळें मायमोनिडीझ या थोर यहुदी पंडिताच्या कुटुंबास कॉर्डोव्हा सोडावें लागलें. त्याच शहरांत जन्मलेला मुसलमान तत्त्वज्ञ इब्न रुश्द, ज्याला युरोप अव्हेरोइझ म्हणतो, त्याला ११९५ मध्यें हद्दपारी भोगावी लागली आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले. हें झांकून ठेवणें म्हणजे इतिहासाला रंगसफेदी करणें होय.

परंतु यावरून सिद्ध काय होतें? एवढेंच कीं तो एक खराखुरा देश होता. त्यांत ज्ञानी होते तसे माथेफिरूही होते, आणि माथेफिरूंचा पहिला बळी पुष्कळदां स्वधर्मीय ज्ञानीच होत असे. अव्हेरोइझला छळणारेही मुसलमान होते हें विसरतां कामा नये. आणि दुसऱ्या बाजूसही हाच प्रकार होता. १२३६ मध्यें तिसऱ्या फर्डिनंडानें कॉर्डोव्हा घेतलें, तेव्हां त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवर लादून सांतियागोस परत पाठविल्या. घंटा त्याच, खांदे मात्र बदलले. पण याच फर्डिनंडाच्या सेव्हिल येथील कबरीवरचा लेख लॅटिन, कॅस्टिलियन, अरबी आणि हिब्रू अशा चार भाषांत कोरलेला आहे. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षांनीं कॅस्टिलच्या पेद्रो राजानें सेव्हिलला आपला राजवाडा बांधला, तो मूर कारागिरांच्या हातून. आणि त्याच्या भिंतींवर अरबी अक्षरांत या ख्रिस्ती राजाचा 'सुलतान' म्हणून गौरव केलेला आहे. ज्यांना आपण एकमेकांचे वैरी म्हणून शिकवितों, त्यांना एकमेकांचें घर आपलेंच वाटत होतें.

आतां तिसरें क्रियापद: 'गेले'. मला खरा संताप येतो तो यावर. ग्रॅनाडा हें शेवटचें मुसलमानी राज्य. त्याचा राजा अबू अब्दुल्ला यानें नगर सोडतांना डोंगराच्या खिंडींतून मागें वळून पाहिलें आणि सुस्कारा टाकला, ही कथा प्रत्येक प्रवासी ऐकतो. वॉशिंग्टन अर्व्हिंग या अमेरिकन लेखकानें १८२९ मध्यें अल्हाम्ब्रांत मुक्काम केला आणि १८३२ मध्यें आपल्या कथा छापल्या, तेव्हांपासून तर त्या सुस्काऱ्यानें जगाचे डोळे ओले केले आहेत. पण २ जानेवारी १४९२ रोजीं गेला तो राजा. प्रजा गेली नाहीं. प्रजा तेथेंच होती, आणि पुढें शंभरांवर वर्षें तेथेंच राहिली. राजाच्या सुस्काऱ्यावर एवढें अश्रूंचें तीर्थ सांडलें कीं प्रजेसाठीं एक थेंबही उरला नाहीं!

या प्रजेचें काय झालें तें क्रमानें सांगतों. नोव्हेंबर १४९१ मध्यें जो तह झाला त्यांत ग्रॅनाडाच्या मुसलमानांस त्यांचा धर्म, मशिदी, मालमत्ता आणि काझी कायम राखण्याचें वचन इसाबेला व फर्डिनंड यांनीं दिलें होतें. नगराचा पहिला आर्चबिशप तालाव्हेरा हा सात्त्विक पुरुष होता. समजावून धर्म सांगावा, त्यासाठीं अरबी शिकावी, असें त्याचें मत. त्याच्या प्रेरणेनें अरबीचा एक शब्दकोश तयार झाला व तो १५०५ मध्यें ग्रॅनाडांतच छापला गेला. परंतु १४९९ मध्यें कार्डिनल सिस्नेरोस तेथें आला आणि सबुरीचा मार्ग संपला. हजारों लोकांस घाईघाईनें बाप्तिस्मा देण्यांत आला. बिब-रांब्ला चौकांत अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकाचे कांहीं ग्रंथ तेवढे वगळले, ते सिस्नेरोसनेंच काढलेल्या अल्काला येथील नव्या विद्यापीठासाठीं. लोकांनीं दंगा केला, त्याबरोबर दंग्यामुळें तह मोडला असें जाहीर झालें, आणि १५०२ पर्यंत कॅस्टिलच्या सर्व मुलखांत मुसलमानांपुढें बाप्तिस्मा किंवा देशत्याग एवढेच दोन मार्ग उरले. बाटविलेल्या या लोकांस 'मोरिस्को' म्हणूं लागले.

बरें, बाटल्यावर तरी सुटका झाली काय? १५६७ च्या हुकुमानें अरबी भाषा, अरबी नांवें, त्यांचा पोशाख, त्यांचीं स्नानगृहें, सारें बंद करण्यांत आलें. त्या वेळीं फ्रान्सिस्को नून्येझ मूले या वृद्ध मोरिस्को गृहस्थानें अधिकाऱ्यांपुढें एक लेखी अर्ज ठेवला. लहानपणीं तो तालाव्हेराच्या पदरीं होता. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा: आमच्या बायकांचा पोशाख हा या प्रांताचा पोशाख आहे, धर्माचा नव्हे, स्नान हें अंग स्वच्छ करण्यासाठीं असतें, आणि अरबी बोलल्यानें मनुष्य मुसलमान ठरत असेल तर पूर्वेकडील जे ख्रिस्ती अरबीतच प्रार्थना करतात त्यांचें काय? हा अर्ज शिल्लक आहे. राज्यकर्त्यांपुढें शांतपणें मांडलेला याहून समंजस युक्तिवाद मला तरी माहीत नाहीं. त्याचा उपयोग झाला नाहीं. १५६८ च्या नाताळांत अल्पुहार्रांत बंड पेटलें. त्यांत मोरिस्कोंनीं धर्मगुरूंच्या व ख्रिस्ती गांवकऱ्यांच्या निर्घृण हत्या केल्या, हेंही सांगितलें पाहिजे. १५७१ पर्यंत बंड चिरडलें गेलें, आणि ज्यांनीं शस्त्र हातीं धरलें नव्हतें अशांसुद्धां सुमारें ८०,००० लोकांस ग्रॅनाडा प्रांतांतून उचलून कॅस्टिलभर विखुरण्यांत आलें. कित्येक वाटेंतच थंडीनें आणि रोगानें मेले. शेवटीं १६०९ ते १६१४ या काळांत तिसऱ्या फिलिपानें साऱ्या स्पेनमधून सुमारें तीन लाख मोरिस्को जहाजांवर चढवून आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे घालवून दिले. त्यांच्या आजा-पणजांचा बाप्तिस्मा झालेला होता. कित्येकांस अरबीचें अक्षरही येत नव्हतें.

याला 'गेले' म्हणावयाचें? मराठींत 'जाणें' आणि 'घालविणें' हीं दोन वेगळीं क्रियापदें आहेत. निदान आपण तरी त्यांची गल्लत करूं नये. सर्व्हांटीझला हा फरक कळत होता. 'डॉन किहोते'चा दुसरा भाग १६१५ मध्यें, म्हणजे हद्दपारीच्या शेवटच्या जहाजापाठोपाठ प्रसिद्ध झाला. त्यांत रिकोते नांवाचा हद्दपार मोरिस्को यात्रेकरूच्या वेषांत चोरून स्वदेशीं परत येतो. तो सांचोचा जुना शेजारी. सांचो त्याला ओळखतो, दोघे एकत्र बसून खातात-पितात, आणि सांचो त्याला पकडून देत नाहीं. त्या काळीं याहून अधिक लिहिणें शक्य नव्हतें. पण ज्याला वाचतां येतें त्याला तेवढें पुरे आहे.

यावर प्रतिपक्षाचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि ते पोकळ नाहींत. पहिला आक्षेप राज्याच्या सुरक्षिततेचा. भूमध्यसमुद्रांत तुर्कांचें आरमार होतें, अल्जीरियाचे चांचे किनाऱ्यावर धाडी घालीत, आणि अल्पुहार्राच्या बंडखोरांस तिकडून थोडीबहुत मदतही पोहोंचली. हें मान्य. परंतु फितुरीचा दंड फितुरास होतो. दुधपितें मूल आणि ऐशीं वर्षांचा म्हातारा या दोघांस एकाच तराजूंत घालून जहाजावर चढविणें यास सुरक्षितता म्हणत नाहींत. शिवाय एक कोडें कोणी सोडवीत नाहीं. बाप्तिस्मा खरा मानला तर हे लोक ख्रिस्ती ठरतात, मग त्यांस घालविलें कां? आणि खोटा मानला तर त्यांच्या पणजांस बळेंच बाटविलें कशाला? उत्तर एकच. तोंवर प्रश्न धर्माचा राहिलाच नव्हता. तो रक्ताचा झाला होता. टोलेडोंत १४४९ पासून जे 'रक्तशुद्धी'चे नियम निघाले, त्यांचें हें फळ. धर्म बदलतां येतो, पणजा बदलतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप विद्वानांचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास स्पेनच्या दोन थोर पंडितांत मोठें वादयुद्ध झालें. दोघेही फ्रँकोच्या राजवटीमुळें परदेशीं राहत होते. आमेरिको कास्त्रो यानें १९४८ मध्यें असें प्रतिपादिलें कीं स्पॅनिश मनुष्य हा ख्रिस्ती, मूर आणि यहुदी यांच्या सहवासांतून घडला. सांचेझ आल्बोर्नोझ यानें १९५६ मध्यें त्याचें खंडन केलें: स्पेनचा पिंड त्याहून फार जुना आहे, अरबी संस्कार वरवरचे आहेत, इतकेंच काय, अँडालूशियाचे मुसलमान देखील रक्तानें व स्वभावानें बव्हंशीं स्पॅनिशच होते. मी या वादांत निकाल देण्यास अधिकारी नाहीं. पण आल्बोर्नोझचे अनुयायी त्याच्या सिद्धान्ताचें टोंक कोणाकडे वळतें हें पाहत नाहींत. ते मुसलमान जर स्पॅनिशच होते, तर १६०९ मध्यें स्पेननें परके घालविले नाहींत. स्पेननें स्पॅनिश घालविले. वाद कास्त्रोनें जिंको कीं आल्बोर्नोझनें, 'मूर गेले' हें वाक्य दोन्हीकडे हरतें.

तिसरा आक्षेप असा कीं, कांहीं झालें तरी स्पेननें इमारती राखल्या ना? राखल्या, आणि त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. कॉर्डोव्ह्याची मशीद १२३६ मध्यें चर्च झाली म्हणूनच वांचली. १५२३ मध्यें तिच्या पोटांत मोठें कॅथीड्रल बांधण्याचें ठरलें, तेव्हां तें काम करणाऱ्या मजुरांस देहान्त शिक्षा देऊं, असा धाक ख्रिस्ती नगरसभेनेंच घातला होता. पाचव्या चार्ल्सच्या संमतीमुळें तिचें चाललें नाहीं. पण दगड राखणें निराळें आणि दगडांचा वारसा मानणें निराळें. २००६ मध्यें तेथील बिशपच्या संस्थेनें अवघे ३० युरो शुल्क भरून ही सारी वास्तु स्वतःच्या नांवावर नोंदविली. कांहीं काळ तिकिटांवरून व माहितीपत्रकांवरून 'मशीद' हा शब्दही गळाला होता. लोकांनीं ओरड केल्यावर तो परत आला. जगांतून माणसें त्या खांबांचें वन पाहण्यासाठीं येतात, आणि तें ज्यांनीं उभारलें त्यांचें नांव तिकिटावर असावें कीं नाहीं यावर वाद होतो! ग्रॅनाडांत अजून दर वर्षीं २ जानेवारीस विजयाचें निशाण फडकविण्यांत येतें, आणि दर वर्षीं त्यास विरोध करणारे ग्रॅनाडाचेच नागरिक असतात. १४९२ मध्यें घालविलेल्या यहुद्यांच्या वंशजांस नागरिकत्व देण्याचा कायदा स्पेननें २०१५ मध्यें केला. ही उदारता खरी आहे. परंतु मोरिस्कोंच्या वंशजांकरितां तसा कायदा निघाला नाहीं. घालविलेल्यांतही पंक्तिप्रपंच राहिलाच.

आपला या प्रकरणाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध दोन आहेत. पहिला इतिहासाचा. अल्काला येथील ज्या विद्यापीठासाठीं होळींतून वैद्यकाचे ग्रंथ वगळले, तेथें पुढें गार्सिया द ओर्ता नांवाचा एक विद्यार्थी शिकला. त्याचे आईबाप स्पेनमधून हांकललेले यहुदी. हाच ओर्ता पुढें गोव्यास आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य झाला, मुंबई बेट त्यानें खंडानें घेतलें, आणि येथील औषधी वनस्पतींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्याआधीं तीन वर्षें, १५६० मध्यें, इन्क्विझिशन गोव्यास पोहोंचलें होतें. १५६९ मध्यें त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यांत आलें. आणि ओर्ता मेल्यानंतर बारा वर्षांनीं, १५८० मध्यें, त्याचीं हाडें उकरून जाळण्यांत आलीं. रक्तशुद्धीचें वेड मांडवीच्या कांठीं किती सहज येऊन पोहोंचलें, तें पाहा.

दुसरा संबंध आजचा आहे. आमच्याकडे स्पेनचें नांव दोन प्रकारांनीं घेतलें जातें. कोणी स्पेननें आपलें घर कसें 'स्वच्छ' केलें म्हणून त्याचा दाखला देतो. तर कोणी, १९३३ मध्यें इक्बालनें कॉर्डोव्ह्याच्या मशिदीवर कविता लिहिली तेव्हांपासून, गमावलेल्या वैभवासाठीं उसासे टाकतो. पहिल्याला माझें सांगणें आहे कीं, ज्यांना घालविलें ते त्याच घरचे होते, आणि घर रिकामें होतें तेव्हां तें स्वच्छ झालें असें म्हणत नाहींत. दुसऱ्याला सांगणें आहे कीं, तुझे उसासे राजांसाठीं आहेत; नून्येझ मूलेचा अर्ज तूं वाचलेला नाहींस. दोघेही दगडांकडे पाहतात, माणसांकडे पाहत नाहींत.

वारसा म्हणजे काय, याचा धडा अँडालूशिया देतो तो एवढाच: ज्याचें घर घेतलें त्याला परका म्हणावयाचें आणि त्याच्या दिवाणखान्याचें कौतुक करावयाचें, याला वारसा म्हणत नाहींत, आपल्या भाषेंत त्याला लूट म्हणतात. लुटीचा वारसा होण्याचा एकच मार्ग आहे, आणि तो म्हणजे ज्यांचें होतें त्यांस आपले पूर्वज म्हणण्याची हिंमत. अल्पुहार्राचा शेतकरी, आपण काय करीत आहोंत हें न जाणतां, रोज पाटावर जाऊन अरबी शब्दानें पाणी वळवितो आणि तें करीत आहे. शिकलेल्या लोकांनाच तें जड कां जावें?

त्या दिवशींची ती मुलगी पुन्हा कोठें भेटली तर मी तिला सांगेन: बाळ, ते आले नाहींत, ते तेथेंच घडले, ते नुसते राहिले नाहींत, त्यांचें तें घर होतें, आणि ते गेले नाहींत, त्यांना घालविलें. जे मागें उरले ते नांवें बदलून, प्रार्थना बदलून त्याच गांवांत मिसळून गेले. बांधणारे कोठें आहेत म्हणून तूं विचारलेंस. कांहीं मोरोक्कोंत आहेत, कांहीं ट्युनिशियांत. आणि पडद्यावरच्या त्या चित्रांत चौकाबाहेर बांकावर बसलेले जे स्पॅनिश म्हातारे तुला दिसले, त्यांच्यांतही ते असतील. त्यांना स्वतःला मात्र तें कोणीं सांगितलेलें नाहीं.